खिंडीच्या अलीकडे

रविवारी सकाळपासून शैलजा घरभर नुसती फिरत होती. पोहे भिजवले आणि विसरली, त्यांचा लगदा झाला. बाल्कनीतले कपडे काढून घड्या घातल्या आणि मग घड्या नीट नाहीत म्हणून सगळे पुन्हा मोडले. नरेश सोफ्यावर पेपर वाचत होता. शेवटी त्याने पेपर खाली ठेवला.

"शैलू, बस ना बाई एका जागी. चालून तू राहिलीस आणि दमून मी राहिलो."

चालून चालून ती जाणार तरी कुठे? झिरकपूरच्या आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजकीच पावलं. खाली विमानतळाच्या रस्त्यावर रविवार असूनही गाड्या अडकलेल्या आणि प्रत्येक जण हॉर्न वाजवून दुसऱ्याला उडवू पाहणारा. नरेश केंद्र सरकारच्या एका खात्यात होता. बदल्या घेत घेत चंद्रपूरहून चंदिगडपर्यंत पोचला होता, आणि प्रत्येक गावाला 'इथे काही खरं नाही' असं म्हणून तिथे सुखात राहायची त्याची रीत होती. शैलजा एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची.

त्यांची एकुलती मुलगी नेत्रा किर्गिझस्तानात गेली होती, एकटी. म्हणजे तिथल्या एका कंपनीच्या गटाबरोबर, पण गटात ओळखीचं चिटपाखरू नाही, तेव्हा आईच्या लेखी एकटीच. लग्नाआधी एकदा मनासारखं भटकून येते, म्हणाली. घोडे, तंबू, बर्फाचे ओढे आणि शेवटी चार हजार मीटर उंचीची एक खिंड. नरेशने काळजी करायची तेवढी करून घेतली. दरड कोसळली तर, वाटाड्या फसवा निघाला तर, भाषा कळली नाही तर. एकेक भीती त्याने रात्रीच्या जेवणाला काढली, नेत्राने ती हसण्यावारी नेली, आणि मग तो निमूट तिला दिल्लीच्या विमानतळावर सोडून आला.

शैलजा त्या जेवणांना गप्प बसायची. तिची भीती यातली कुठलीच नव्हती.

नेत्राच्या रक्तात सिकलसेल होता. पूर्ण आजार नाही, अर्धा. डॉक्टर त्याला वाहक म्हणतात. चंद्रपूरकडे हे काही नवलाचं नाही, घरटी कुणाच्या ना कुणाच्या रक्तात तो असतो, आणि लग्नाच्या बाजारात ते सगळ्यात आधी लपवलं जातं. शैलजाचा धाकटा भाऊ शिशिर पुरत्या आजाराने गेला, मिसरूड फुटायच्या आत. घराने बाहेर संधिवात सांगितला. शैलजा स्वतः अर्धी. ते तिच्या आईला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं आणि नरेशला, इतक्या वर्षांच्या संसारानंतरही, ठाऊक नव्हतं. नेत्रा शाळकरी असताना तपासणीचं शिबिर झालं. निकाल आणायला शैलजाच गेली. घरी येऊन म्हणाली, रक्त जरा कमी आहे, पालक खायला हवा. नेत्रा वर्षभर नाक मुरडत पालक खात राहिली.

तिचं अगदीच चुकलं होतं असंही नाही, निदान ती स्वतःला तसं समजावत आली. अर्ध्या सिकलसेलवाल्याला सहसा काही होत नाही. तो शाळेत जातो, धावतो, म्हातारा होतो. जोडीदारही तसाच निघाला तर मुलांना धोका, एवढंच. म्हणजे लग्नाआधी समोरच्याची एक साधी तपासणी. पण ती कर म्हणायची तर आपलं आधी सांगावं लागतं, आणि इथेच शैलजाची जीभ टाळ्याला चिकटायची. आनुवंशिकतेच्या प्रकरणात दरवर्षी हाच आजार उदाहरणाला यायचा. बाकी धडे रंगवून शिकवणाऱ्या शैलजा मॅडम तेवढं पान मुलांना घरी वाचायला सांगायच्या.

नेत्राचं लग्न ठरलं होतं निशांतशी. मुलगा सेक्टर सदुसष्टच्या संस्थेत औषधांवर संशोधन करायचा. त्याची आई आसावरी शहरातल्या मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होती, मूळची सांगलीची, खणखणीत आवाजाची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि दोन आयांनी मोदक वळता वळता सोयरीक जुळवली. ट्रेकच्या कंपनीने तब्येतीची माहिती मागितली, तेव्हा ही आसावरीच डायनिंग टेबलाशी चहा घेत बसली होती. नेत्रा आतल्या खोलीतून ओरडली, "आई, फॅमिली में ब्लड-व्लड का कुछ है क्या? ये लोग पूछ रहे हैं."

"छे गं," शैलजा बशीत बिस्किटं मांडत म्हणाली. "आपल्याकडे सगळे ठणठणीत."

नेत्रा गेल्यावर मग ती फोनवर वाचत बसली. आधी वाचायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. उंचावर हवा विरळ झाली की अर्धं रक्तसुद्धा दगा देऊ शकतं, असं तिथे लिहिलं होतं. क्वचित होतं, पण होतं. पेशी वाकड्या होतात, पोटात डाव्या बाजूला असलेल्या प्लीहेत अडकतात, डाव्या बरगडीखाली असह्य दुखतं. अशा माणसाला ताबडतोब खाली न्यायचं. आणखी वर नेलं तर प्लीहा फुटू शकते. शैलजाने फोन उलटा ठेवला. मग सुलटा करून तेच पुन्हा वाचलं.

नेत्राला तिने निरोप लिहिला होता. पाणी भरपूर पी. दम लागला तर थांब. डाव्या कुशीत दुखलं तर लगेच सांग. मग तिसरं वाक्य खोडलं, कारण नेत्रा विचारणार, डाव्याच का? पहिली दोन पाठवली. त्यावर अंगठा आला, एक घोड्याचा फोटो आला आणि त्यानंतर काही नाही. पुढे नेटवर्क नसेल हे नेत्राने आधीच सांगितलं होतं. त्याला दोनतीन दिवस झाले होते. शैलजाला अन्न गोड लागत नव्हतं आणि कारण कुणाला सांगता येत नव्हतं.

दुपारी आसावरी आली. दोन्ही हातांत साड्यांच्या पिशव्या आणि आल्या आल्या ट्रॅफिकला शिव्या.

"साखरपुड्याला मला हिरवी आवडलीय, पण सुनेचं नाक फार वरचं आहे," ती साड्या सोफ्यावर पसरत म्हणाली. "तुम्ही बघा शैलजाताई, आणि तिला सांगा तुम्हीच निवडली म्हणून."

"तिला तिचा तंबूच नेसवा आता," नरेश म्हणाला. दोघंही हसले. शैलजाने चहा गाळला, आणि तेवढ्यात नरेशचा फोन वाजला. नंबर परदेशातला होता.

नरेशने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे वारा आणि एका माणसाचं तुटक इंग्रजी. गटाचा वाटाड्या होता तो, नाव अजमत. सॅटेलाइट फोनवरून बोलत होता. नेत्राची तब्येत बिघडलीय, म्हणाला. पुढचं नरेशला काही सुचेना. आसावरीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि मी डॉक्टर आहे, सावकाश सांग, म्हणाली. तिच्या त्या आवाजाने खोलीतली सगळी गडबड थांबली.

अजमतने सावकाश सांगितलं. ते खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर होते. नेत्राला पहाटेपासून उलट्या होत होत्या. पोटात दुखत होतं, इतकं की पाय पसरता येत नव्हते. कुठे, आसावरीने विचारलं. वर, डाव्या बाजूला, बरगडीखाली, तो म्हणाला.

शैलजाच्या हातातली गाळणी सिंकमध्ये पडली.

अजमतसमोर दोन वाटा होत्या. खिंड चढून पलीकडे उतरायचं. तिकडे जीपचा रस्ता आहे, संध्याकाळपर्यंत इस्पितळ. किंवा आलो तसं खोऱ्याने खाली जायचं, त्याला उद्याची दुपार उजाडेल. ढग होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. खिंड आत्ता मोकळी होती, पुढचं सांगता येत नव्हतं. त्याचं मत खिंडीकडे होतं. डॉक्टर काय म्हणतात?

"तिला आधीचा काही आजार?" आसावरीने विचारलं.

तिने काही नाही म्हणून कळवलंय, अजमत म्हणाला. आसावरीने फोनवर हात ठेवला आणि मान वळवली.

"शैलजाताई, नेत्राला काही आहे? लहानपणी काही झालेलं, घरात कुणाला काही? असेल ते सांगा."

दोघंही तिच्याकडे बघत होते. सोफ्यावर हिरवी साडी पसरलेली होती. शैलजाच्या तोंडून आवाज आला तो तिचा नव्हताच म्हणा ना, तिच्या आईचा होता, मावशीचा होता, मुलगी उजवायची म्हणून घरोघरी खोटं बोलत आलेल्या तमाम बायकांचा होता.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

"मग वेळ घालवू नका," आसावरी फोनवर म्हणाली. "घोड्यावर घ्या आणि खिंड ओलांडा. इस्पितळ गाठणं महत्त्वाचं." अजमत बरं म्हणाला. बॅटरी जपायची म्हणून फोन बंद ठेवतो, पलीकडे पोचलो की लावतो, असंही म्हणाला. फोन कट झाला.

आसावरी नरेशला धीर देत होती. जठराला सूज असेल, मूतखडा असेल, पोरं बाटलीतलं पाणी संपलं की ओढ्याचं पितात. नरेश नुसता हो हो करत होता. शैलजा स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला आणि वर काहीच ठेवलं नाही. निळी ज्योत नुसती जळत राहिली. नेत्राला आता उचलत असतील. घोड्यावर बसवत असतील. तिला वर नेतायत आणि ते आपण नेतोय, हे तिला लख्ख दिसलं. तिने गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?" नरेशने विचारलं.

"नेत्राला सिकलसेल आहे. अर्धा. वाहक आहे ती. माझ्याकडून आलाय, मलाही आहे. शिशिर त्यानेच गेला, संधिवाताने नाही." ती आसावरीकडे वळली. "डॉक्टर, तिला वर नका जाऊ देऊ. तिची प्लीहा आहे ती. मी वाचलंय. वर नेलं तर मरेल ती."

आसावरीने एक क्षण शैलजाकडे पाहिलं. ती नजर शैलजाला नंतर पुष्कळ दिवस झोपू देणार नव्हती. मग तिने थेट फोन उचलला आणि आलेला नंबर फिरवला.

बंद.

पुन्हा फिरवला. बंद. पलीकडे एक बाई शांतपणे परक्या भाषेत काहीतरी सांगत होती आणि संपलं की पुन्हा तेच. आसावरीने नरेशला कंपनीच्या कचेरीचा नंबर शोधायला लावला. रविवार, कुणी उचलेना. नरेश पुन्हा पुन्हा लावत होता आणि आकडे चुकत होते. शैलजा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तसा तो फोन घेऊन खिडकीपाशी गेला. तिच्यापासून लांब गेला, हे तिघांनाही समजलं.

कचेरीचा फोन अखेर एका मुलीने उचलला. आसावरीने तिला नीट समजावलं. गटाच्या मागून चालणाऱ्या मदतनीसाकडे वायरलेस आहे, तिकडून प्रयत्न करते, ती म्हणाली. मग वाट बघणं उरलं. खाली कुणाच्या तरी वरातीचा ढोल वाजायला लागला. नरेशने खिडकी लावली आणि तो तिथेच कपाळ टेकून उभा राहिला. शैलजाला वाटलं, ओरडावं, भिंतीवर डोकं आपटावं, काहीतरी करावं. करण्यासारखं जे होतं ते करायची वेळ निघून गेली होती. ती साड्या उचलून पिशवीत भरायला लागली.

"ठेवा त्या," आसावरी म्हणाली. शैलजाने ठेवल्या.

फोन वाजला तेव्हा तिघंही एकदम धावले. अजमत. ते चढायला लागले होते, खिंड डोळ्यांपुढे होती, वायरलेसवर निरोप मिळाला म्हणून थांबले होते. तो वैतागला होता. आभाळ बदलतंय, म्हणाला, आत्ता पुढे नाही गेलो तर आज नाहीच.

"पुढे नाही, मागे," आसावरी म्हणाली. तिने त्याला इंग्रजीत शब्द फोडून फोडून सांगितलं. तिच्या रक्तात सिकलसेल आहे. उंची हेच तिचं विष आहे. मागे वळा, जितकं खाली जाता येईल तितकं आज जा. ऑक्सिजनची नळकांडी आहे ना, ती लावा आणि काढू नका. पाणी पाजत राहा. ऊब द्या. "समजलं का? पुन्हा म्हणून दाखव."

अजमतने म्हणून दाखवलं. मागे कुणीतरी काहीतरी बोललं, झटापट झाल्यासारखा आवाज आला आणि मग नेत्रा बोलली. आवाज इतका बारीक की नरेशने फोन कानाला लावला आणि मग भानावर येऊन परत स्पीकर चालू केला.

"आंटी, क्या बोला आपने? मुझे क्या है?"

आसावरीने फोन शैलजापुढे धरला. ती उत्तर देणार नव्हती.

"सिकलसेल आहे बेटा," शैलजा म्हणाली. "लहानपणापासून. मी तुला सांगितलं नाही. आता खाली जा. अजमत सांगेल तसं कर. पाणी पी."

तेवढ्यात लाइन गेली.

तो दिवस आणि ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. नरेश बाहेरच्या खोलीत बसून राहिला. सकाळी त्याने चहा स्वतःपुरता केला. इतक्या वर्षांत असं घडलं नव्हतं. कप धुऊन पालथा घातल्यावर तो एवढंच म्हणाला, "शिशिरच्या तेराव्याला मी तुझ्या बाबांच्या शेजारी बसलो होतो. तेव्हा आपलं नुकतंच ठरलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि संधिवात म्हणाले. तू समोर वाढत होतीस."

शैलजा हो म्हणाली.

दुपारी कचेरीतल्या मुलीने फोन केला. नेत्रा खालच्या गावात पोचली होती, छोट्या इस्पितळात होती. ऑक्सिजन चालू होता, सलाइन चालू होतं. प्लीहेचा एक तुकडा मेला होता, पण ती फुटली नव्हती. वर गेली असती तर, ती मुलगी म्हणाली आणि पुढचं तिने बोलायचं टाळलं. नरेश रडला. शैलजाही रडली, वेगळ्या खोलीत.

संध्याकाळी आसावरी इस्पितळातून परस्पर आली. बसली नाही.

"निशांतचं रक्त तपासायला दिलंय," ती म्हणाली. "तो वाहक नसेल तर या लग्नाला काडीचीही अडचण नाही. असेल तरी पोरं शिकलेली आहेत, विचार करून ठरवतील. एवढंच होतं हे, शैलजाताई. एका सुईचं काम."

"माझं चुकलं," शैलजा म्हणाली.

"ते लग्नाचं मी समजू शकते. आमच्याकडेही कोड लपवतात, फिट लपवतात, मला नवीन नाही. पण काल मी तुम्हाला डॉक्टर म्हणून विचारलं. तुमची मुलगी तिकडे तडफडत होती आणि तुम्ही नाही म्हणालात. त्या 'नाही'वर मी तिला खिंडीवर चढवलं. मी." तिचा खणखणीत आवाज फाटला. "ते मला पचायला वेळ लागेल."

ती गेली. साड्यांच्या पिशव्या तिने नेल्या नाहीत. ही आशा की विसर, हे शैलजाला ठरवता येईना, आणि विचारायची तिची प्राज्ञा नव्हती.

दुसऱ्या दिवशी नेत्राने स्वतः फोन केला, व्हिडिओवर. उशी पांढरी, तोंडावर उन्हाने सोललेली कातडी, नाकाखाली नळी. नरेश शैलजाच्या मागे उभा राहिला. मुलीला बघण्यासाठी त्याला बायकोजवळ येणं भागच होतं.

"दुखतंय का?" शैलजाने विचारलं.

"कम है." नेत्राने फोन तोंडाजवळ घेतला. "आई, अजमत एक बात बोल रहा था. मुझे समझ नहीं आया. वो बोला, पहले डॉक्टर ने कहा ऊपर जाओ, फिर कहा नीचे जाओ. आंटी ने पहले ऊपर क्यों बोला?"

उत्तर सोपं होतं. लाइन खराब होती, ऐकण्यात घोळ झाला, आंटीला आधी वाटलं मूतखडा. कुणालाही खरं वाटलं असतं. आसावरीही कदाचित खोडून काढायला गेली नसती, आणि नरेशने मुलीसमोर आईला उघडं पाडलं नसतं.

"कारण त्यांनी मला विचारलं, तुला काही आजार आहे का," शैलजा म्हणाली. "आणि मी नाही म्हणाले."

"तब? जब मैं वहाँ पड़ी थी?"

"हो, तेव्हाच. अजमत फोनवर होता आणि मी नाही म्हणाले. मला तुझ्या लग्नाची भीती वाटली. त्या 'नाही'मुळे तुला वर नेलं. मग मी खरं सांगितलं, पण तोवर तू निघाली होतीस."

नेत्राचा चेहरा पडद्यावर हलला नाही. शैलजाला वाटलं, चित्र अडकलं. पण मागे एक नर्स ट्रे घेऊन इकडून तिकडे गेली.

"फोन बाबा को दो," नेत्रा म्हणाली.

शैलजाने फोन नरेशला दिला.